दुरुस्त केलेली मांडणी पुन्हा पुन्हा मोडते तेव्हा: नव्या वेब मानकांच्या आधारे समस्या निवारण

समस्येचे स्वरूप

संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नीट दिसणारे एखादे कार्ड (चित्र, मजकूर आणि बटण असलेली चौकट) दुसऱ्या पानाच्या अरुंद स्तंभात ठेवले की त्यातील मजकूर चौकटीबाहेर सांडतो, चित्र चेपले जाते किंवा बटण खालच्या ओळीत ढकलले जाते. त्यावर स्टाइलशीटच्या, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलच्या, शेवटी एखादा नियम वाढवून डागडुजी केली जाते. काही काळ सारे सुरळीत चालते आणि मग तेच कार्ड तिसऱ्या जागी वापरले की पुन्हा मोडते. शिवाय या खेपेला आधीच्या डागडुजीने भलतेच काहीतरी बिघडवलेले असते. ही तक्रार ज्या प्रकल्पांत वारंवार येते तेथील स्टाइलशीट उघडून पाहिली, तर एकाच घटकासाठी लिहिलेल्या अनेक मीडिया क्वेरी (खिडकीची रुंदी पाहून लागू होणारे नियम), नियम जबरदस्तीने लागू करण्यासाठी जागोजागी पेरलेले ‘!इम्पॉर्टंट’ आणि घटकांचा वर-खाली क्रम ठरवणाऱ्या ‘झेड-इंडेक्स’ला दिलेले ९९९९ यांसारखे आकडे हमखास सापडतात.

अशा मांडणीत आकडेमोड चुकलेली असते असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा नियम जे मोजायला हवे ते मोजतच नसतो. कार्डाला स्वतःच्या वाट्याला आलेली जागा कळायला हवी असते, पण नियम खिडकीची रुंदी विचारतो. एका नियमाने दुसऱ्यावर मात करावी असे हवे असते, पण त्यासाठी सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू हे सांगणारा भाग) लांबवला जातो. फोनवर प्रत्यक्ष दिसणारी उंची हवी असते, पण मोजली जाते ती पत्त्याची पट्टी लपल्यानंतरची उंची. बरीच वर्षे ब्राउझरला नेमका प्रश्न विचारण्याची सोय मानकांतच नव्हती, त्यामुळे या आडवाटा अपरिहार्य होत्या. २०२२ पासून ती सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत टप्प्याटप्प्याने आलेली असल्यामुळे दुरुस्तीचा क्रमही बदलायला हवा: नवा नियम वाढवण्याआधी जुना नियम कोणत्या गृहीतकावर उभा आहे ते शोधावे आणि त्या गृहीतकासकट तो काढता येतो का ते पाहावे.

आधी निदान

ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स उघडून मोडलेला घटक निवडावा आणि खिडकीची रुंदी तशीच ठेवून, त्या घटकाला सामावून घेणाऱ्या बाहेरच्या घटकाला टूल्समधूनच ३२० पिक्सेल रुंदी द्यावी. खिडकी रुंद असूनही मांडणी मोडली, तर प्रश्न जागेचा आहे आणि मीडिया क्वेरीने तो सुटणार नाही. आता उलट तपासणी करावी. बाहेरच्या घटकाची रुंदी पक्की ठेवून खिडकी लहान-मोठी केली असता आतील रचना बदलत असेल, तर नियम खिडकीला बांधलेला आहे हे सिद्ध होते. ही छोटी तपासणी वगळून थेट दुरुस्तीला हात घालण्याची सवय फार सर्रास आहे, आणि समस्या पुन्हा उद्भवण्याचे ते एक मुख्य कारण आहे.

त्यानंतर स्टाइल्सच्या यादीत आपण लिहिलेला नियम खोडलेला दिसतो का ते पाहावे. खोडलेला असेल, तर त्याला कोणी हरवले हे त्याच यादीत वरच्या बाजूला दिसते. तेव्हा प्रश्न रुंदीचा नसून अग्रक्रमाचा असतो. मात्र खोडलेल्या नियमाशेजारी इशाऱ्याचे चिन्ह असेल, तर ब्राउझरला ती प्रॉपर्टी किंवा व्हॅल्यू समजलेली नाही. शुद्धलेखन तपासावे आणि मगच ब्राउझरच्या आवृत्तीकडे वळावे. बिघाड केवळ फोनवर आणि तोही पानाच्या तळाशी दिसत असेल, तर थेट उंचीविषयीच्या भागाकडे जावे.

रुंदीचा प्रश्न: खिडकी मोजावी की जागा

ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली आणि जून २०१२ मध्ये मीडिया क्वेरी हे डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे अधिकृत शिफारस-मानक झाले. पानाची एकूण रचना पडद्यानुसार बदलण्यासाठी ती कल्पना पुरेशी होती. त्यानंतरच्या वर्षांत मात्र पाने सुट्या घटकांतून जुळवण्याची पद्धत रूढ झाली. एकच कार्ड कधी पूर्ण रुंदीत, कधी तीन स्तंभांपैकी एकात, तर कधी बाजूच्या पट्टीत बसू लागले, आणि खिडकी १२०० पिक्सेलची असूनही कार्डाला त्यातील २८०च मिळू लागले. खिडकीची रुंदी विचारणाऱ्या नियमाला हे कळण्याचा मार्गच नव्हता. काही प्रकल्पांत जावास्क्रिप्टने घटकाची रुंदी मोजून त्याला दिलेला क्लास (नियम लावण्यासाठीचे नाव) बदलला जाई. ते चाले, पण पान उघडताना रचना एकदा चुकीची दिसून मग सावरत असे.

खिडकीऐवजी बाहेरच्या घटकाची रुंदी विचारणाऱ्या कंटेनर क्वेरीने हा प्रश्न मुळातून सोडवला. क्रोम १०५ आणि सफारी १६ या २०२२ मधील आवृत्त्यांत ती आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्स ११० मध्येही दाखल झाली. तरीही तिच्याकडे वळण्यापूर्वी दोन साध्या कारणांची शहानिशा करावी, कारण मजकूर बाहेर सांडण्याच्या तक्रारींत दोष बहुधा त्यांचाच असतो.

पहिले कारण फ्लेक्सबॉक्सच्या, म्हणजे घटक रांगेत मांडण्याच्या पद्धतीच्या, मूळ स्वभावात आहे. फ्लेक्स रांगेतील घटकाची किमान रुंदी ‘ऑटो’ असते, म्हणजे त्यातील न तुटणाऱ्या सर्वांत लांब तुकड्यापेक्षा तो अरुंद होण्यास नकार देतो. एखादा लांबलचक वेबपत्ता, आकडेवारीचा तक्ता किंवा कोडचा तुकडा आत असला की सारी रांग चौकटीबाहेर जाते. अशा घटकाला ‘मिन-विड्थ: ०’ दिल्यावर तो आकसू शकतो, लांब शब्द तुटावेत म्हणून ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ जोडावे. ग्रिडमध्येही, म्हणजे रांगा आणि स्तंभांच्या जाळीतही, हाच प्रकार घडतो, कारण तेथे ‘१एफआर’ (मोकळ्या जागेचा एक वाटा) याचा अर्थ किमान ‘ऑटो’ आणि कमाल १एफआर असा घेतला जातो. स्तंभ खरोखर समान हवे असतील तर ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहावे लागते.

दुसरे कारण म्हणजे स्तंभांची संख्या हाताने ठरवण्याची सवय. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ग्रिड आल्यापासून ‘ऑटो-फिट’च्या साहाय्याने ब्राउझरलाच स्तंभ मोजू देता येतात. कार्डांच्या जाळीसाठी किमान रुंदी ‘मिन(१००%, १६रेम)’ (रेम हे पानाच्या मूळ अक्षर-आकारावर आधारित एकक) आणि कमाल ‘१एफआर’ दिली, तर एकही क्वेरी न लिहिता जाळी उपलब्ध जागेनुसार एक, दोन किंवा चार स्तंभांची होते. येथे ‘मिन(१००%, …)’ हा भाग गाळू नये. तो नसेल तर १६ रेमपेक्षा अरुंद जागेत आडवा स्क्रोल तयार होतो, आणि मग तोच दोष झाकण्यासाठी पानाला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावण्याचा मोह होतो. आडवा स्क्रोल लपवणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देणे.

या दोन्ही गोष्टी तपासल्यानंतरही कार्डाची आतली रचनाच बदलायची असेल, उदाहरणार्थ अरुंद जागेत चित्र वर आणि रुंद जागेत शेजारी हवे असेल, तर कंटेनर क्वेरी हाच योग्य उपाय आहे. बाहेरच्या घटकाला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ’ द्यावे, त्याला ‘कंटेनर-नेम’ने नाव द्यावे आणि आतील नियम ‘@कंटेनर’मध्ये लिहावेत. नाव देणे ऐच्छिक असले तरी ते टाळू नये. नाव नसलेली क्वेरी सर्वांत जवळच्या योग्य कंटेनरला लागू होते, त्यामुळे मधे कोणी दुसरा कंटेनर आणून ठेवला की आपला नियम मुकाट्याने त्याचीच रुंदी मोजू लागतो.

कंटेनर क्वेरी लिहूनही ती काम करत नाही अशी तक्रार आल्यास पुढील तीन शक्यता तपासाव्यात. कंटेनर स्वतःला प्रश्न विचारू शकत नाही. ज्या घटकाला ‘कंटेनर-टाइप’ दिले त्याचीच मांडणी त्याच्या रुंदीनुसार बदलता येत नाही, फक्त त्याच्या आतल्या घटकांची बदलता येते. त्यामुळे कार्डाभोवती एक जादा आवरण घालावे लागते. ते अनावश्यक वाटले तरी त्यामागे ठोस कारण आहे: रुंदी मजकुरावर आणि मजकुराची रचना रुंदीवर अवलंबून राहिली, तर ब्राउझर न संपणाऱ्या फेऱ्यात अडकेल.

दुसरी शक्यता याच कारणातून उद्भवते आणि ती सर्वाधिक गोंधळात टाकणारी आहे. ‘इनलाइन-साइझ’ दिलेल्या घटकाची रुंदी ठरवताना त्यातील मजकूर विचारात घेतला जात नाही. असा घटक फ्लोट, इनलाइन-ब्लॉक, ॲब्सोल्यूट किंवा रुंदी न दिलेला फ्लेक्स घटक असेल, म्हणजे त्याची रुंदी मजकुरावरच ठरत असेल, तर तो शून्य रुंदीचा होऊन पडद्यावरून नाहीसा होतो. कंटेनर क्वेरी लावल्याबरोबर घटक अदृश्य झाला तर हेच कारण समजावे आणि त्याला ‘विड्थ: १००%’ किंवा फ्लेक्स रांगेत ‘फ्लेक्स: १’ द्यावे.

तिसरी शक्यता म्हणजे अटीत कस्टम प्रॉपर्टी (स्वतः नाव देऊन ठेवलेली आणि ‘व्हार’ने वापरली जाणारी किंमत) वापरलेली असणे. रुंदीच्या अटीत ‘व्हार’ लिहिता येत नाही. तेथे प्रत्यक्ष आकडाच द्यावा लागतो. याच्याशी संबंधित आणखी एक बाब अशी की ‘सीक्यूआय’ हे कंटेनरवर आधारित एकक वापरले आणि वर कोठेही कंटेनर नसला, तर ब्राउझर कोणतीही तक्रार न करता लहान व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान दिसण्याच्या क्षेत्राची, रुंदी धरतो. अक्षरे अकारण अवाढव्य दिसू लागल्यास कंटेनर हरवल्याचा संशय घ्यावा.

मीडिया क्वेरी यामुळे कालबाह्य झालेली नाही. पानाचा एकूण सांगाडा, छपाईची आवृत्ती, गडद रंगसंगती आणि हालचाल कमी ठेवण्याची वापरकर्त्याची निवड या गोष्टी तिच्याच अखत्यारीत राहतात. कार्डाच्या आतली रचना मात्र तिच्याकडून काढून घ्यावी.

अग्रक्रमाचा प्रश्न: नियम लिहिला, पण लागू होत नाही

माझ्या मते या साऱ्या मानकांत स्टाइलशीटच्या आयुष्यावर सर्वांत खोल परिणाम करणारे मानक कॅस्केड लेअर, म्हणजे नियमांना क्रमवार गटांत मांडण्याची सोय, हे आहे, जरी त्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम काहीच नसतो. फेब्रुवारी आणि मार्च २०२२ मध्ये, म्हणजे जवळपास एकाच वेळी, फायरफॉक्स ९७, क्रोम ९९ आणि सफारी १५.४ यांत ते आले.

जुन्या पद्धतीत दोन नियमांत चढाओढ झाली की सिलेक्टरची स्पेसिफिसिटी, म्हणजे त्याचे बळ, पाहिली जाते: आयडी (एकाच घटकाचे नाव) क्लासवर मात करतो, दोन क्लास एका क्लासवर मात करतात आणि बरोबरी झाली तर नंतर लिहिलेला नियम जिंकतो. यात लेखकाचा हेतू कोठेच नोंदवला जात नाही. बाहेरून आणलेल्या लायब्ररीने (तयार नियमांच्या संचाने) तीन क्लासचा सिलेक्टर वापरला असेल, तर तिच्यावर मात करण्यासाठी चार क्लास लिहावे लागतात. पुढच्या माणसाला पाच, आणि त्याच्या पुढच्याला ‘!इम्पॉर्टंट’. प्रत्येक दुरुस्ती पुढील दुरुस्ती अधिक अवघड करते, म्हणून ही समस्या वारंवार परत येते.

लेअरमुळे हा हेतू उघडपणे लिहिता येतो. स्टाइलशीटच्या आरंभी ‘@लेअर’ लिहून पुढे पायाभूत, लायब्ररी, घटक आणि अपवाद अशी नावे क्रमाने जाहीर केली, की नंतरच्या लेअरमधला साधा एका क्लासचा नियमही आधीच्या लेअरमधील आयडी असलेल्या नियमावर मात करतो. स्पेसिफिसिटी केवळ एकाच लेअरच्या आत मोजली जाते.

हे लागू करताना बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो, आणि तो एकाच ठिकाणी फसतो. कोणत्याही लेअरमध्ये नसलेले नियम सर्व लेअरमधील नियमांवर मात करतात. त्यामुळे आपले नियम शिस्तीने लेअरमध्ये ठेवले आणि लायब्ररीची फाइल मात्र लिंक टॅगने तशीच जोडली, तर लायब्ररी पूर्वीपेक्षाही वरचढ ठरते आणि सारी सजावट उडाल्यासारखी दिसते. म्हणून आरंभ आपल्या नियमांपासून न करता लायब्ररीपासून करावा: तिची फाइल ‘@इम्पोर्ट’ने आणावी आणि त्याच ओळीत तिला लेअरचे नाव द्यावे. आपले नियम सुरुवातीला लेअरबाहेर राहिले तरी चालतात. ते आपोआप जिंकतात. ‘@इम्पोर्ट’च्या ओळी इतर सर्व नियमांच्या वर असाव्या लागतात, फक्त लेअरचा क्रम जाहीर करणारी ओळ त्यांच्याही आधी चालते. ‘@इम्पोर्ट’मुळे फाइल उशिरा उतरत असेल, तर बिल्डच्या वेळी, म्हणजे संकेतस्थळाच्या अंतिम फाइल तयार करताना, त्या फाइलचा मजकूर लेअरच्या कंसात गुंडाळून घ्यावा.

‘!इम्पॉर्टंट’ असलेल्या नियमांसाठी हा क्रम बरोबर उलटा होतो. आधीच्या लेअरमधील इम्पॉर्टंट नियम नंतरच्या लेअरमधील इम्पॉर्टंट नियमावर मात करतो आणि लेअरबाहेरचा इम्पॉर्टंट नियम या सर्वांपुढे हरतो. हे विचित्र वाटते, परंतु त्यामागील विचार सुसंगत आहे: पायाभूत लेअरने एखादी गोष्ट अनिवार्य म्हटली असेल, तर वरच्या लेअरला ती सहज मोडता येऊ नये. व्यवहारात याचा अर्थ असा की जुन्या स्टाइलशीटमध्ये ‘!इम्पॉर्टंट’ भरपूर असतील, तर ती लेअरमध्ये टाकण्यापूर्वी ते शक्य तितके काढावेत. अन्यथा लेअरमध्ये गेल्यावर त्यांचे बळ घटण्याऐवजी वाढेल.

संपूर्ण पुनर्रचनेला वेळ नसेल, तर ‘:व्हेअर’ हा छोटा उपाय उपयोगी पडतो. त्याच्या कंसात लिहिलेल्या सिलेक्टरची स्पेसिफिसिटी शून्य धरली जाते, म्हणून पायाभूत नियम त्यात लिहिल्यास कोणालाही त्यांच्यावर मात करण्यासाठी झगडावे लागत नाही. त्याचा जुळा भाऊ ‘:इज’ मात्र कंसातील सर्वांत बलवान सिलेक्टरची स्पेसिफिसिटी घेतो. दोहोंची अदलाबदल झाल्याने नियम अचानक वरचढ झाल्याची प्रकरणे पाहण्यात येतात.

उंचीचा प्रश्न: फोनवर तळाचे बटण दिसत नाही

पूर्ण पडद्याच्या रचनेसाठी ‘१००व्हीएच’ लिहिलेले असते, संगणकावर ती अचूक दिसते आणि फोनवर तळाचे बटण ब्राउझरच्या पट्टीखाली दडते. कारण असे की फोनवरील ब्राउझर ‘व्हीएच’ मोजताना पत्त्याची पट्टी आकसल्यानंतरची मोठी उंची धरतात. यावर जावास्क्रिप्टने खिडकीची उंची मोजून ती कस्टम प्रॉपर्टीत ठेवण्याची युक्ती अनेक वर्षे प्रचलित होती. आता तिची गरज नाही. लहान उंचीसाठी ‘एसव्हीएच’, मोठ्या उंचीसाठी ‘एलव्हीएच’ आणि त्या क्षणी असलेल्या उंचीसाठी ‘डीव्हीएच’ ही एकके सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून, म्हणजे २०२२ च्या अखेरपर्यंत, सर्वत्र आली.

जुने एकक खोडून सरसकट ‘डीव्हीएच’ लिहिण्याची घाई करू नये. पट्टी लपते किंवा उघडते तेव्हा त्याची किंमत बदलते, आणि त्यावर उंची अवलंबून असलेला मोठा विभाग वाचकाच्या डोळ्यांदेखत हलतो. तळाशी बटण असलेल्या स्वागत-विभागासाठी ‘मिन-हाइट: १००एसव्हीएच’ अधिक स्थिर ठरते, ‘डीव्हीएच’ अशा विभागांसाठी राखावे ज्यांनी प्रत्येक क्षणी दिसणारी जागा तंतोतंत व्यापणे आवश्यक आहे. जुन्या ब्राउझरसाठी आधीच्या ओळीत ‘१००व्हीएच’ ठेवावे. ज्याला नवे एकक कळत नाही तो पुढची ओळ सोडून देतो.

कीबोर्ड उघडल्यावर रचना बिघडत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, कारण ही तिन्ही एकके कीबोर्डची दखल घेत नाहीत. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये ‘इंटरॲक्टिव्ह-विजेट’ ही सूचना देऊन क्रोम आणि फायरफॉक्सच्या अलीकडील आवृत्त्यांत पानाची उंची कीबोर्डनुसार बदलता येते. सर्व ब्राउझर ती मानतील असे गृहीत धरून मात्र रचना करू नये. रुंदीच्या बाबतीत ‘१००व्हीडब्ल्यू’ हे एककही असेच फसवे आहे. त्यात स्क्रोलबारने व्यापलेली जागाही धरली जात असल्यामुळे संगणकावर पान किंचित आडवे सरकते. साध्या पूर्ण रुंदीसाठी ‘१००%’ पुरेसे असते.

पॉपअप दुसऱ्या घटकाखाली जातो

‘झेड-इंडेक्स’ ९९९९ देऊनही पॉपअप शीर्षपट्टीखाली जातो, कारण ते आकडे संपूर्ण पानात तुलनीय नसतात. बाहेरच्या एखाद्या घटकावर ‘ट्रान्सफॉर्म’, ‘फिल्टर’ किंवा १ पेक्षा कमी ‘ओपॅसिटी’ असली, की आतील सर्व घटकांची चढाओढ त्या चौकटीपुरती मर्यादित होते. शून्ये वाढवून काही साधत नाही.

येथे मानकांनी चढाओढच रद्द केली आहे. ‘डायलॉग’ हा एचटीएमएल घटक ‘शोमोडल’ने उघडल्यास तो ब्राउझरच्या सर्वांत वरच्या स्वतंत्र स्तरावर जातो, जेथे ‘झेड-इंडेक्स’चा संबंध उरत नाही. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता. फायरफॉक्स आणि सफारी मार्च २०२२ मध्ये त्याच्या बरोबरीला आले. एस्केप कळीने बंद होणे आणि फोकस मागच्या पानात न जाऊ देणे हे काम ब्राउझर स्वतः करतो, म्हणून त्यासाठी लिहिलेले जुने जावास्क्रिप्ट काढून टाकावे; दोन्ही यंत्रणा एकत्र राहिल्या तर फोकस हरवतो. मेनू आणि छोट्या सूचनांसाठी ‘पॉपओव्हर’ गुणधर्म वापरावा. केवळ ‘ओपन’ गुणधर्म लावून डायलॉग उघडला तर तो या वरच्या स्तरावर जात नाही, हे ध्यानात ठेवावे. ‘डायलॉग वापरूनही तो खालीच राहतो’ या तक्रारीचे उत्तर बहुधा एवढेच असते.

पान उघडताना मजकूर खाली उडी मारतो

चित्राच्या टॅगमध्ये ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ दोन्ही लिहावेत आणि स्टाइलशीटमध्ये ‘हाइट: ऑटो’ ठेवावे. ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून गुणोत्तर काढून चित्र येण्याआधीच जागा राखून ठेवतो. जाहिरात किंवा बाहेरून येणाऱ्या चौकटीसाठी ‘ॲस्पेक्ट-रेशो’ किंवा किमान उंची द्यावी.

एका ब्राउझरमध्ये ठीक, दुसऱ्यात मोडलेले

वरील तपासण्यांतून काही निष्पन्न झाले नाही आणि बिघाड एकाच ब्राउझरपुरता असेल, तर मानकाच्या उपलब्धतेचा प्रश्न येतो. यासाठी ‘बेसलाइन’ ही वर्गवारी पाहावी, जी २०२३ पासून वापरात आहे. एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचली की ती ‘नव्याने उपलब्ध’ धरली जाते आणि त्यानंतर ३० महिन्यांनी ‘व्यापकपणे उपलब्ध’. सर्वसाधारण वाचकवर्ग असलेल्या संकेतस्थळाने दुसऱ्या वर्गातील सोयी निर्धास्तपणे वापराव्यात आणि पहिल्या वर्गातील सोयी अशाच जागी वापराव्यात जेथे त्या नसल्या तरी पान वाचता येईल.

आयफोनच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी आढळतो. तेथे क्रोम किंवा फायरफॉक्स बसवले तरी आतले इंजिन सफारीचे, म्हणजे वेबकिट, असते. मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात इतर इंजिनांना परवानगी मिळाली, असे काही प्रदेश अपवाद. त्यामुळे ‘क्रोममध्ये तपासले’ या विधानाला आयफोनवर फारसा अर्थ नाही. शिवाय तेथे वेबकिट कार्यप्रणालीसोबतच अद्ययावत होते, म्हणून ज्या जुन्या फोनला नवी कार्यप्रणाली मिळत नाही, त्याचा ब्राउझरही जागीच थांबतो. वाचकांत असे फोन आहेत का, हे अंदाजाने न ठरवता स्वतःच्या संकेतस्थळाच्या नोंदींतून पाहावे.

पर्यायी रचना देण्यासाठी ‘@सपोर्ट्स’, म्हणजे ब्राउझरला एखादी सोय कळते का ते तपासणारी अट, वापरावी. मूळ नियम जुन्या पद्धतीने, साध्या एकाखाली एक रचनेत लिहावेत आणि ‘कंटेनर-टाइप’ समजणाऱ्या ब्राउझरसाठीचे नियम ‘@सपोर्ट्स’च्या आत ठेवावेत. ‘:हॅज’सारख्या (आत अमुक घटक असलेला घटक निवडणाऱ्या) सिलेक्टरची चाचणी ‘@सपोर्ट्स’मध्ये ‘सिलेक्टर’ हा शब्द वापरून करता येते. फायरफॉक्समध्ये ‘:हॅज’ डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे सफारीनंतर दीड वर्षाहून अधिक काळाने आले, त्यामुळे त्या मधल्या काळातील आवृत्त्यांत ही अडचण विशेष दिसते. येथे एक सापळा आहे: स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरांच्या यादीत एकही सिलेक्टर ब्राउझरला कळला नाही, तर तो संपूर्ण नियम टाकून देतो, कळलेल्या सिलेक्टरांसकट. म्हणून ‘:हॅज’ असलेला नियम नेहमी स्वतंत्र लिहावा, जुन्या सिलेक्टरला जोडून कधीही लिहू नये.

जुन्या डागडुज्या काढताना

मूळ कारण सापडून योग्य मानक लागू केल्यावरही जुने नियम तसेच राहिले, तर समस्या परत येते. कारण नवी कंटेनर क्वेरी आणि जुनी मीडिया क्वेरी एकाच कार्डाला दोन वेगवेगळे आदेश देतात. सर्व जुने नियम एकदम खोडणेही धोक्याचे असते, कारण त्यांपैकी कोणता आजही कामाचा आहे हे वाचून कळत नाही. अशा वेळी लेअरचाच उपयोग चाचणीसाठी करावा. संशयास्पद नियम वेगळ्या फाइलमध्ये काढून, त्यांतील ‘!इम्पॉर्टंट’ हटवून, त्यांना सर्वांत पहिल्या लेअरमध्ये ठेवावे. त्यांचे बळ एकदम शून्यावर येते, पण ते नाहीसे होत नाहीत. जेथे दुसरा कोणताही नियम नाही तेथे ते अजून लागू होतात. मग मुख्य पानांची चित्रे बदलाआधी आणि बदलानंतर घेऊन शेजारी ठेवून पाहावीत. जेथे फरक दिसेल तेथील गरज खरी असते आणि ती नव्या पद्धतीने लिहावी. फरक दिसत नाही असे नियम एकेक करून खोडावेत, आणि प्रत्येक वेळी पहिल्या तपासणीप्रमाणे बाहेरच्या घटकाची रुंदी ३२० पिक्सेलपर्यंत उतरवून पाहावी.

ही तपासणी केवळ नमुना मजकुरावर करू नये. मथळा तीन ओळींचा, चित्र गैरहजर, बटणावरील शब्द दुप्पट लांब आणि वाचकाने अक्षरे २०० टक्के मोठी केलेली, अशा स्थितींत कार्ड टिकले तरच दुरुस्ती पक्की धरावी. ‘@सपोर्ट्स’मध्ये दिलेल्या पर्यायी रचनेशेजारी ती कोणत्या ब्राउझर-आवृत्तीसाठी ठेवली आहे याची टिप्पणी लिहावी, म्हणजे नोंदींतून ती आवृत्ती दिसेनाशी झाल्यावर तो भाग कोणाला न विचारता काढता येतो.